माळ्यावर कोणीच नव्हतं

परवा नात मोबाइलमधलं काहीतरी वाचून दाखवत होती. बेळगावात कंप्युटरच्या कंपनीत आहे ती. म्हणाली, आजोबा, आता लढाईत अशी यंत्रं आलीत की ती स्वतःच बघतात, स्वतःच ठरवतात आणि स्वतःच उडवतात. माणसानं लांब बसायचं. मी म्हटलं, आणि चुकलं तर? म्हणाली, माणसापेक्षा कमी चुकतात म्हणे. माझं टाळकंच सरकलं. पोरीचा काय दोष, लिहिलंय ते वाचत होती बिचारी. पण मी तिच्यावर असा ओरडलो की सून हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. नंतर फार वाईट वाटलं. मी काय करून बसलोय ते तिला माहीत नाही. घरात कुणालाच मी ते धड सांगितलेलं नाही. म्हणून आता या वयात लिहायला बसलोय.

मी पंधरा वर्षं फौजेत होतो. आमच्या तुकडीचं काम सुरुंग पेरायचं. पेरायचं असंच म्हणायचो आम्ही, भात पेरतात तसं. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर लोकांच्या चांगल्या कसलेल्या शेतांतून आम्ही सुरुंग पेरले. आमचा हवालदार भलता कडक. एकेक सुरुंग कुठं गाडला ते कागदावर मांडल्याशिवाय तो जेवू द्यायचा नाही. म्हणायचा, रायफलीच्या मागं माणूस असतो, समोरचा ओरडला तर तो थांबू शकतो. सुरुंगाच्या मागं कोण आहे? तुमचा हा कागद, बस. लढाई संपल्यावर तेच सुरुंग काढायला आम्हालाच पाठवलं. कागदावर होते ते सगळे निघाले, एक तेवढा सापडला नाही. तीन दिवस आम्ही त्या शेतात गुडघ्यांवर रांगलो. शेताचा मालक बांधावर बैल घेऊन उभा असायचा आणि रोज एकच विचारायचा, नांगरू का? त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी हुकूम आला आणि आम्ही पुढं गेलो.

एवढं डोळ्यांनी बघून पेन्शनीवर गावी आलो आणि इथं येऊन तेच केलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय म्हणू?

आमचं गाव कणकुंबीच्या अलीकडं, रानातलं. खाली भाताची शेतं, वर जंगल. भात पोटरीतनं बाहेर पडायला लागलं की रानडुकरं उतरायची. एका फेरीत अर्धं शेत लोळवून जायची. त्यासाठी प्रत्येकाच्या शेतात माळा असायचा, चार खांबांवर गवताचं छप्पर, आणि वर एक माणूस. आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. पण बंदूक उडवायची एक रीत होती गावात, आणि ती लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात मुरलेली. भातात काही हललं तर माळ्यावरच्यानं तीनदा हाक घालायची. कोण हाय? कोण हाय? बोल, न्हायतर उडवतो. माणूस असेल तर तो ओरडायचा, मी हाय, मी हाय. तीन हाकांना उत्तर आलं नाही तरच चापाला बोट लावायचं. आमच्या आज्याच्या वेळेपासून या रीतीनं एकही माणूस मेला नव्हता. दारू प्यालेले, चोरून भात कापणारे, रात्री कुणाच्या घरी जाणारे, सगळे या तीन हाकांवर जगले.

माळ्यावर आमचे अण्णा बसायचे, माझे थोरले भाऊ. त्या वर्षी त्यांना हिवतापानं धरलं. मी चार-पाच रात्री बसलो आणि कंटाळलो. खरं तेच सांगतो. पंधरा वर्षं पहारे केले होते, आता झोप हवी होती. अण्णा घोंगड्यातनं म्हणाले, "तू एवढा फौजेतला गडी. आपोआप उडंल असं कायतरी कर की. उगं जागतोस कशाला?"

मी आधी नाही म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "मग काय नुसतं कागद लिवायलाच गेलतास व्हय फौजेत?" चेष्टेनंच म्हणाल्या, पण मला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक बांधली. डुकरं ज्या वाटेनं शेतात शिरायची ती वाट हेरली. दोन मेढी रोवून त्यावर बंदूक आडवी पक्की केली आणि चापाला बारीक दोरी बांधून ती वाटेवर ताणली. दोरीची उंची मापून घेतली, डुकराच्या खांद्याला लागेल अशी. तीच माणसाच्या गुडघ्याची उंची, हे मला कळत होतं. म्हणून मी नियम घातला. अंधार पडताना बांधायची ती मी, उजाडताना सोडायची तीही मीच. आणि पाऊलवाटेवर निरगुडीची फांदी आडवी टाकायची, म्हणजे लोकांना कळेल. गावाला तसं सांगूनही ठेवलं. हवालदार बघता तर खूष झाला असता, असं तेव्हा मला वाटलं.

पहिल्याच आठवड्यात दोन डुकरं पडली. मी घरात अंथरुणावर होतो आणि तिकडं डुक्कर पडत होतं. गावभर वाटे गेले. लोक माझी गाठ बघायला येऊ लागले, आमच्याकडं पण बांधून द्या म्हणू लागले. माझी छाती काय फुगली म्हणता! फौजेत पंधरा वर्षांत कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. रिकाम्या माळ्याकडं बघून मी मनात म्हणायचो, आपले बापजादे उगीच जागत बसले.

आता वाराचं सांगायला पाहिजे. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की आमच्या गावात ग्रामदेवीचे तीन मंगळवार पाळायचे. वार म्हणजे वार. त्या दिवशी शेतात पाऊल टाकायचं नाही, विळ्याला हात लावायचा नाही, बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. कुणी मोडला तर अख्ख्या गावाचं पीक जातं असं मानायचे. गाव सगळं देवळापाशी जमायचं.

पहिला वार मी बंदूक बांधायच्या आधीच होऊन गेला होता. दुसऱ्या वाराच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी बंदूक बांधली. सकाळी उठलो, चप्पल पायात घातली आणि निघालो दोरी सोडायला. अण्णांचा ताप उतरला होता, ते सोप्यात बसले होते. म्हणाले, "कुठं रं?"

"दोरी सोडून येतो."

"आज वार हाय. शेतात पाय टाकणार? शाना हाईस."

मी म्हटलं, तशीच कशी ठेवायची? तर अण्णा म्हणाले, "अरं, आज तिथं जातंय कोण? आख्खा गाव देवळात. आज जे कोण शेतात शिरंल ते डुकरूच की."

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "जाऊन या. देवीला काय ते मी नारळ देऊन सांगते." माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. आणि मला अण्णांचं बरोबर वाटलं. कुणी जाणारच नाही तर दोरीची भीती कुणाला? हिशेब चोख होता. मी चप्पल काढली, आत बसलो आणि चहा घेतला.

ओढ्याच्या पलीकडं आमच्याच गावाची वस्ती होती. दहा-बारा घरं, बौद्ध झालेली. त्यांनी देव सोडले तेव्हाच वारही सोडला होता, त्याला पंधरा-वीस वर्षं झाली होती, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यावरून भांडणंसुद्धा झाली होती. वाराच्या दिवशी त्या घरच्या बायका बांधावरचं गवत कापायला हमखास यायच्या, कारण त्या दिवशी त्यांना बांधावरून हुसकायला शेतात कोणी नसायचं. हे सगळं मला माहीत होतं. मी त्यांच्यात खेळलोय. पण "आख्खा गाव" असं अण्णा म्हणाले तेव्हा ती दहा-बारा घरं माझ्या डोक्यात आलीच नाहीत. दोरीचं गावाला सांगितलं तेव्हाही ओढा ओलांडून कुणी गेलं नव्हतं, आणि निरगुडीची फांदी पडायची ती गावाकडच्या पाऊलवाटेवर. विसरलो असं म्हणणं सोपं आहे. मी त्यांना मोजलंच नव्हतं.

नऊच्या सुमाराला बार झाला. लख्ख ऊन होतं. आम्ही देवळाच्या पायरीवर होतो. अण्णा म्हणाले, "पडलं बघ." दोघं-चौघं हसले. एवढ्या उन्हात डुक्कर येत नाही. मी धावत सुटलो, वार मोडला, भातातनं आडवा गेलो.

लांबूनच आवाज ऐकू आला. "मी हाय! मी हाय रं! परत उडवू नको, मी हाय!"

ती आक्का होती. सगळा गाव तिला आक्काच म्हणायचा. आमच्या शेतात दर वर्षी लावणीला यायची. मी सात-आठ वर्षांचा असताना ओढ्याला पाणी आलं तेव्हा मला पाठुंगळी घेऊन पलीकडं तिनंच आणलं होतं. आता पन्नाशीची असेल. ती बांधाला पाठ टेकून बसली होती, गुडघ्याच्या वर मांडी फुटली होती, लुगडं सगळं लाल. एका हातानं मांडी दाबून धरली होती आणि दुसरा हात वर. डोळे माळ्याकडं. ठासणीची बंदूक परत भरायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं. तेवढ्या वेळात वरच्या माणसानं आपल्याला ओळखावं म्हणून ती रिकाम्या माळ्याला ओरडून सांगत होती. "मी हाय. डुकरू न्हवं. मी हाय."

मला बघून म्हणाली, "धाकल्या, वर कोण हाय रं? त्याला थांबव."

मी तिला सांगितलं नाही. माझं मुंडासं सोडून मांडीला आवळलं. फौजेत शिकलो होतो तसं. कापड रक्तानं निसटत होतं, गाठ बसेना. दोरीची गाठ बरी बसली होती!

वस्तीवरची माणसं धावत आली. तिला डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं तर दोन मैल, आणि त्या वाटेला गाडीच पाहिजे. मी घरी पळालो. बैल सोडायला लागलो तर अण्णा गोठ्याच्या दारात आडवे. म्हणाले, "जू ठेवू नको. वार हाय. घोंगड्यातनं न्या उचलून." आयुष्यात मी थोरल्या भावाकडं मान वर करून बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना असा ढकलला की ते शेणात पडले. गाव बघत होता. एक माणूस जुंपायला पुढं आला नाही. जू मी एकट्यानं चढवलं.

रस्त्यावर लाकडाचा ट्रक मिळाला. जांबोटी गेली, रान संपलं, तरी ट्रक आपला रखडतोय. पिरनवाडीला येईपर्यंत तिचं बोलणं बंद झालं होतं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. मी ड्रायव्हरला शिव्या घालत होतो, हातही जोडत होतो, दोन्ही एकदमच. देवीलाही म्हणालो, सगळ्या गावाचं पीक घे, पण हिला ठेव.

बेळगावच्या दवाखान्यात त्याच दिवशी तिचा पाय मांडीतनं कापला.

दुसऱ्या दिवशी पोलीस गावात आले. फौजदार कन्नड माणूस, पण मराठी चांगलं बोलायचे. पंचांना विचारलं, बंदूक कुणी उडवली? पंच म्हणाले, "कुणीच न्हाय साहेब. दोरीनं उडाली." दोरी कुणी बांधली? "बांधली हेनं, पण उडवली न्हाय. हे देवळात हुते, आमी सगळे साक्षीला हाय." रात्रभर अण्णांनी गावाला पढवलं होतं. मी पुढं होऊन म्हणालो, "मी उडवली. माझं नाव लिहा."

"तुम्ही कुठं होता त्या वेळी?"

"देवळाच्या पायरीवर."

"मग कशी उडवली?"

मला सांगता येईना. त्यांनी माझ्याकडं जरा दयेनंच बघितलं. म्हणाले, "घरी जा. आधीच डोकं ठिकाणावर नाही तुमचं." निष्काळजीपणा म्हणून काहीतरी लिहिलं, बंदूक जमा केली, परवाना गेला. मी सहीसाठी अंगठा पुढं केला, मग आठवलं की मला सही येते.

आक्काचा मुलगा बेळगावातच एका ऑफिसात कारकून होता. शिकलेला, शांत पोरगा. मी रोज दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसायचो, तो माझ्याशी बोलायचा नाही. पाचव्या दिवशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "पंचनामा वाचला मी. त्या दिवशी शेतात गावातलं कोण जाणार नव्हतं, असं लिहिलंय. आमी गावातलं न्हाय व्हय?"

मग तो म्हणाला, "आई सारखं एकच विचारती. माळ्यावर कोण हुतं. मी सांगणार न्हाय. तुमीच सांगा."

डॉक्टरांनी तोवर सांगून टाकलं होतं की विष अंगात चढलंय, दिवस थोडे आहेत. रात्रभर मी विचार केला. खोटं बोलायचं ठरवलं. सांगायचं की मीच होतो वर, डोळा लागला होता, दचकून जागा झालो, डुक्कर समजून उडवली, चुकलं माझं. निदान तिला राग करायला एक माणूस मिळेल. शिव्या देईल, थुंकेल. मनात आलं तर माफही करेल. माणसाच्या चुकीला माफी असते. हे खोटं माझ्यासाठीही होतं, ते कबूल करतो. मलाही तिच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी आत गेलो. ती तापानं पार आटून गेली होती, डोळे मात्र जागे. मुलगा उशाशी उभा. मी खाटेजवळ खाली बसलो आणि पाठ केलेलं सगळं बोललो. मीच होतो आक्का माळ्यावर. डोळा लागला होता.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग मान हलवली.

"तू न्हवंस," म्हणाली. "तू असतास तर हाक घातली असतीस. हाक आली न्हाय. आनि मी वराडल्यावर तू मला वळखलं असतंस. किती वराडले मी." मग म्हणाली, "ज्यानं मारलं त्याला मी काय बोलणार न्हाय रं. चुकतं मानसाचं. पन ऐकूनबी गप का बसला, एवढंच इचारायचं हाय मला. कोण हुतं, सांग."

ती सहा दिवस हेच घेऊन पडली होती. पायाचं दुखणं नाही, मरणाची भीती नाही. आपल्या गावातलं कोणीतरी वर बसून आपली हाक ऐकत राहिलं आणि हललं नाही, हे तिला सहन होत नव्हतं. प्रत्येक घरातला एकेक माणूस तिनं मनात त्या माळ्यावर बसवून बघितला होता. मग मला खोटं पुढं रेटवेना.

"कोणच न्हवतं, आक्का," मी म्हणालो. "माळा रिकामा हुता. बंदुकीला दोरी बांधलीती. मी बांधलीती."

मला वाटलं, आता तरी ती मला बोलेल. ती माझ्याकडं बघतच राहिली, मग छताकडं, मग मुलाकडं.

"कोणच न्हवतं?" तिनं मुलाला विचारलं. त्यानं मान डोलावली.

"मग मी कुणाला सांगत हुते रं," ती म्हणाली, "मी हाय म्हणून?"

त्यानंतर ती तीन दिवस जगली. कुणाशीच बोलली नाही.